ओट्याचा उडालेला टवका

गेल्या दिवाळीच्या फराळासाठी वेलदोडे कुटत असताना लोखंडी खलबत्त्यातला बत्ता माझ्या हातातून निसटला, ओट्याच्या कडेवर आपटला आणि पायापासून वीतभर अंतरावर खाली पडला. पाय वाचला याचे समाधान वाटेपर्यंत कडेकडे लक्ष गेले. सिंकच्या डाव्या बाजूला, जिथे ग्रॅनाइटच्या कडेला अर्धगोल मोल्डिंग केलेले आहे, तिथून बोटाच्या पेराएवढा टवका उडाला होता आणि आतला खरखरीत, करडा दगड उघडा पडला होता. टवका सिलिंडरच्या मागे सापडला. त्याचे आता काय करायचे हे ठाऊक नव्हते, पण टाकून देणे जिवावर आले, म्हणून कुंकवाच्या एका रिकाम्या डबीत ठेवला. पुढे जे काही बरे झाले त्यातले निम्मे श्रेय या डबीला आहे.

त्याआधी जे वाईट झाले तेही सांगितले पाहिजे. डिसेंबरमध्ये नळाची गळती काढायला आलेल्या प्लंबरने जाता जाता खळगा पाहिला आणि पिशवीतली दोन रंगांची, मळून लावायची पुट्टी काढून तो पाच मिनिटांत बुजवून टाकला. टवका दाखवला तर म्हणाला, “काकू, तो कशाला आता? हेच घट्ट बसेल.” पैसे घेतले नाहीत, म्हणून मीही खूश होते. मार्चपर्यंत त्या राखाडी गोळ्याची एक कड उचलली गेली, तिच्याखाली कणकेचे पाणी आणि साबण शिरू लागला, आणि काळ्याभोर दगडावर तो डाग दारातूनसुद्धा दिसू लागला. दोष पुट्टीचा नव्हता. जागा तेलकट आणि ओली होती, वर तिच्यावर घासण्याचा कुठलाही संस्कार झालेला नव्हता. ओट्याची अख्खी फरशी बदलण्याचा खर्च विचारला तेव्हा आकडा पाच अंकी निघाला आणि त्यात टाइल्स फोडणे आलेच. मग मे महिन्यात, हवा कोरडी असताना, हे काम स्वतः करायचे ठरवले.

आमचे घर पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत आहे आणि त्यात ओटे दोन आहेत. स्वयंपाकघरातला ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे, ज्यात सोनेरी ठिपके चमकतात आणि ज्याला बाजारात ब्लॅक गॅलेक्सी म्हणतात. ड्राय बाल्कनीतला, जिथे भांडी घासली जातात तो, कडप्प्याचा आहे. दोन्ही काळे, दोन्ही एकाच बिल्डरने बसवलेले, त्यामुळे पंचवीस वर्षे मी दोघांना एकाच फडक्याने पुसत आले. या दुरुस्तीच्या निमित्ताने पहिल्यांदा कळले की हे दोन दगड एकमेकांचे कोणीही लागत नाहीत. ब्लॅक गॅलेक्सी आंध्र प्रदेशातल्या प्रकाशम जिल्ह्यातील चिमाकुर्तीच्या खाणींमधून येतो. व्यापारी त्याला ग्रॅनाइट म्हणत असले तरी भूविज्ञानाच्या हिशेबाने तो गॅब्रोच्या कुळातला, शिलारस जमिनीखाली सावकाश थंड होऊन बनलेला दगड आहे. कडप्पा त्याच राज्यातला, नावही जिल्ह्यावरूनच पडलेले, पण तो चुनखडक आहे. मोहच्या काठिण्य श्रेणीत (१ म्हणजे सर्वांत मऊ, १० म्हणजे सर्वांत कठीण) पहिला साधारण ६ च्या आसपास बसतो, तर दुसऱ्यातले मुख्य खनिज कॅल्साइट ३ वर. हे आकडे परीक्षेपुरते वाटतात, पण पुढचे प्रत्येक हत्यार उचलताना मला तेच आठवावे लागले.

दगड ओळखण्यासाठी लिंबू पुरले. दोन्ही ओट्यांवर, नजरेआड असलेल्या कोपऱ्यात, लिंबाच्या रसाचा एकेक थेंब टाकला आणि पाच मिनिटांनी पुसला. ग्रॅनाइटला त्याचे काहीच नव्हते. कडप्प्यावर मात्र थेंबाच्या आकाराचे निस्तेज वर्तुळ उमटले होते, कारण आम्लाने चुनखडकाचा वरचा पातळ थर खाऊन टाकला होता. तो डाग नव्हता, म्हणजे दगडावर काही चढलेले नव्हते, दगडच तेवढा कमी झाला होता. आणि अगदी तशीच, पण मोठी, एकमेकांत मिसळलेली वर्तुळे बाल्कनीतल्या ओट्यावर सगळीकडे होती! देवाची तांब्या-पितळेची भांडी आम्ही वर्षानुवर्षे चिंच आणि मीठ लावून त्याच ओट्यावर घासत आलो, आणि भांडी लखलखत असताना खालचा दगड मुकाट्याने झिजत होता. ते पांढुरके पट्टे साबणाचे आहेत असे समजून मी आजवर त्यांच्यावर आणखी लिंबू चोळत आले होते.

आधी ग्रॅनाइट हाती घेतले. जुनी पुट्टी काढण्यासाठी छिन्नी-हातोडी वापरली असती तर बत्त्याने सुरू केलेले काम मी पूर्ण केले असते, म्हणून केस वाळवण्याचे यंत्र तिच्यावर तीन-चार मिनिटे धरले. ती पुट्टी इपॉक्सीची, म्हणजे दोन घटक कालवून घट्ट होणाऱ्या चिकट द्रव्याची होती, आणि इपॉक्सी गरम झाली की मऊ पडते. मग दाढीच्या ब्लेडने तिची कड उचलताच निम्मा गोळा सालीसारखा निघून आला आणि उरलेला खरवडून काढला. पोलादी पाते या दगडापेक्षा किंचित मऊ असते, त्यामुळे ते आडवे, सपाट धरले तर चरे पडत नाहीत. हेच पाते कडप्प्यावर चालवले असते तर प्रत्येक ओढीची पांढरी रेघ उमटली असती.

खळग्यात तेल मुरलेले होते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचा घट्ट लेप रात्रभर ठेवला, सकाळी धुतला, दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवला. दुसऱ्या लेपाचा रंग पांढराच राहिला तेव्हा तेल बरेच ओढले गेले असावे असे मानले आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून जागा पुसली. पुढची पायरी सांगायला सर्वांत सोपी आणि घरात सर्वांत अवघड निघाली. सिंकच्या कडेचा तो भाग चोवीस तास कोरडा राहायला हवा होता. सिंकला चिकटपट्टी लावून वर परात पालथी घातली, तरी सासूबाईंनी सवयीने पहाटे तिथेच तांब्या विसळला. त्यांना सांगायला गेले तर म्हणाल्या, “अगं, दोन थेंबांनी काय होतंय? दगडच आहे तो.” चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून मोजले.

डबीतला टवका बसवून पाहिला तेव्हा तो खळग्याच्या साधारण दोन-तृतीयांश भागात चपखल बसला. बाकीचा भुगा दिवाळीतच केरात गेला होता. कोणता तुकडा कोणत्या अंगाने बसतो हे ओल्या चिकट हातांनी शोधत बसावे लागू नये, म्हणून टवक्यावर आणि ओट्यावर चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून पेन्सिलीने समोरासमोर खुणा केल्या. ही खूण मी एका सुताराला लाकडावर करताना पाहिली होती आणि इथे तिचा खरोखर उपयोग झाला.

मूळ तुकडा हाती असेल तर नुसत्या भरावापेक्षा तो परत चिकटवणे किती चांगले, हे रंग जुळवायला बसल्यावर समजले. अ‍ॅराल्डाइट या इपॉक्सी गोंदाच्या दोन नळ्यांतला माल समसमान घेऊन त्यात हार्डवेअरच्या दुकानातला काळा ऑक्साइड, म्हणजे रंगाची पूड, चिमूटभर घातला की छान काळे मिश्रण होते, पण ते शाळेच्या फळ्यासारखे सपाट काळे असते. या दगडात तर ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे सोनेरी कण आहेत. फरशीच्या एका फुटक्या तुकड्यावर मी तीन नमुने केले. एकात रांगोळीत घालतात ती चमकी टाकली, आणि वाळल्यावर तो नमुना लग्नपत्रिकेसारखा दिसू लागला. दुसऱ्यात ग्रॅनाइट कापणाऱ्या दुकानातून आणलेली दगडाची भुकटी मिसळली, जी त्यांनी मूठभर फुकटच दिली. तो नमुना करडा झाला, पण पोत दगडाच्या जवळचा आला. तिसऱ्यात भुकटी निम्मी आणि ऑक्साइड किंचित जास्त घातला आणि तोच घेतला. यजमानांनी देव्हाऱ्यातला बुक्का सुचवला होता. रंग सुरेख जमला असता, पण ओटा सुवासिक करण्याचा विचार नव्हता. रंगाची पूड हवी तेवढी घालता येत नाही, हेही नमुन्यांमुळेच कळले. जास्त झाली तर मिश्रण नीट घट्ट होत नाही आणि नखाने उकरले जाते.

अ‍ॅराल्डाइट पाच मिनिटांत घट्ट होणारेही मिळते आणि सावकाश घट्ट होणारेही. मी दुसरे घेतले, कारण माझा हात सराईत नव्हता आणि मला चुका निस्तरायला वेळ हवा होता. नळ्या आधी कोमट पाण्यात उभ्या ठेवल्या, त्यामुळे माल पातळ झाला आणि कालवताना बुडबुडे कमी आले. मोल्डिंगचा गोलवा राखण्यासाठी जुन्या प्लास्टिकच्या फाइलचा एक तुकडा कापून, त्याच्या आतल्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टी लावून, कडेला खालून बाहेरच्या बाजूने वळवून घट्ट बसवला. चिकटपट्टीला इपॉक्सी धरत नाही, म्हणून ती लावायची. खळग्यात आणि टवक्यावर पातळ थर लावून टवका खुणेनुसार बसवला, दाबून धरला आणि चिकटपट्टीने आवळला. फटीत आणि उरलेल्या एक-तृतीयांश जागेत काळे मिश्रण काडीने सोडले, तेही एकदम न भरता दोन वेळा, आणि पृष्ठभागाच्या कागदभर वर येईल इतके. केस वाळवण्याचे यंत्र दुरून एकदा फिरवले तेव्हा आतले चार-पाच बुडबुडे वर येऊन फुटले. ते फुटले नसते तर घासताना तिथेच टाचणीएवढी भोके उघडी पडली असती. गॅसजवळचा टवका उडाला असता तर मी हे काम कदाचित केले नसते. घरगुती इपॉक्सी तापलेला कुकर टेकवण्यासाठी नसते, आणि खिडकीतल्या कडक उन्हात ती कालांतराने पिवळीही पडते. सिंकजवळच्या काळ्या भरावाला यातले कोणतेच भय नव्हते.

दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी प्लास्टिक सोलून काढले तेव्हा कड ओळखू येण्याइतकी नीट झाली होती, फक्त वरचा भराव उंचवट्यासारखा राहिला होता. तो ब्लेड सपाट धरून थोडा थोडा तासला, आणि यानंतर मी या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक केली.

भराव दगडाच्या पातळीला आणण्यासाठी वॉटर पेपर, म्हणजे ओले करून वापरायचे घासकागद, आणले होते: ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, पाणी मारत, ओलेच घासायचे, कारण दगडाची कोरडी धूळ श्वासातून फुप्फुसात जाऊ देणे बरे नाही. इतके सगळे मला माहीत होते. मात्र वॉटर पेपरवरचे सिलिकॉन कार्बाइडचे कण या दगडापेक्षा कितीतरी कठीण असतात, हे लक्षात असूनही मी भरावाच्या सभोवार लावलेली चिकटपट्टी ४०० च्या कागदाने फाटल्यावर बदलली नाही. पाणी आणि काळी राड यांच्याखाली काही दिसत नव्हते. पुसून पाहिले तेव्हा भराव अगदी सपाट झाला होता आणि त्याच्याभोवती दोन बोटे रुंदीचे, मंद, करड्या रंगाचे कडे उमटले होते. आरशासारख्या दगडावर कोणीतरी श्वास सोडावा आणि वाफेचा डाग तसाच राहावा, तसे ते दिसत होते. ६०० पासून २००० पर्यंतचे सगळे कागद चढत्या क्रमाने फिरवूनही भराव चमकला, पण ते कडे गेले नाही. ग्रॅनाइटची मूळ झळाळी कारखान्यात यंत्राने आणलेली असते आणि ती हाताच्या कागदाने परत येत नाही.

शेवटी ज्या दुकानाने भुकटी दिली होती त्यांच्याकडच्या एका कारागिराला बोलावले. राजस्थानी गृहस्थ, मराठी सफाईदार. त्याने बोट फिरवून आधी टवका पाहिला, “चिकटवलं चांगलंय, ताई” म्हणाला, आणि मग कड्याकडे पाहून हसला. त्याच्याकडे हिऱ्याची पूड बसवलेल्या, तळहाताएवढ्या गोल चकत्या होत्या, ५० पासून ३००० नंबरापर्यंत. छोट्या ग्राइंडरला मंद गतीवर त्या लावून, बाटलीतून पाणी सोडत, त्याने ४०० पासून सुरुवात केली आणि प्रत्येक चकतीनंतर राड पुसून, तिरके वाकून, खिडकीच्या उजेडात पृष्ठभाग पाहिला. ते पाहणे मी करायला हवे होते. मागची चकती ठेवून गेलेले ओरखडे पुढचीने पूर्ण घालवले की नाही हे खात्रीने कळल्याशिवाय तो नंबर बदलत नव्हता. ३००० नंतर काळ्या बफने, म्हणजे झळाळी आणणाऱ्या चकतीने, शेवटचा हात दिला. भरावावर मात्र त्याने यंत्र नेले नाही, कारण घर्षणाच्या उष्णतेने इपॉक्सी मऊ पडून फाटते. तिथे मला गाडीच्या रंगाला लावतात ते रबिंग कंपाउंड सुती कापडाने हाताने चोळायला सांगितले. अर्ध्या तासाच्या त्या कामाचे त्याने ५०० रुपये घेतले आणि बाकी साऱ्या सामानापेक्षा तो खर्च जास्त झाला. चिकटपट्टी वेळेवर बदलली असती तर तो लागलाच नसता.

बाल्कनीतल्या कडप्प्याचे काम याच्या नेमके उलट निघाले, आणि म्हणूनच लवकर सांगून होते. ग्रॅनाइटवर जे कागद शत्रू ठरले तेच इथे कामाला आले. दगड मऊ, त्यामुळे २२० च्या कागदाने पाणी मारत घासायला सुरुवात करताच दुधाळ करडी राड सुटू लागली आणि आम्लाने खाल्लेल्या वर्तुळांचे काठ दहा-बारा मिनिटांत विरले. फक्त वर्तुळावर घासले तर तिथे खोलगट बशी तयार होते, म्हणून हात दरवेळी आजूबाजूला पसरत न्यायचा, हे पहिल्याच वर्तुळाने शिकवले. २२० नंतर ४००, मग ६००, आणि तिथेच थांबले. भांडी घासण्याच्या ओट्याला आरशाची गरज नाही, आणि फार गुळगुळीत केला तर ओला असताना भांडे निसटते. दोन दुपारी खांदे भरून आले, तरी कारागीर लागला नाही.

वाळल्यावर तो दगड पार फिकट, राखेच्या रंगाचा दिसू लागला आणि क्षणभर वाटले की सगळे बिघडले. पण कडप्पा घासला की असाच दिसतो. त्याचा ओळखीचा काळेपणा बराचसा त्याच्यावर दिलेल्या हाताचा असतो. आमच्या आजोळी दर सणाच्या आधी कडप्प्याच्या ओट्यावर गोड्या तेलाचा हात फिरवत. तो ओटा काळाभोर दिसे, पण त्याला कायम एक खवट वास असे आणि पिठाचा कण त्याला सोडत नसे. खवट न होणारे तेल म्हणून मी औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन आणले, मऊ कापडाने पातळ हात दिला, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. दगडाने ते शांतपणे पिऊन घेतले आणि रंग परत आला. हा कायमचा उपाय नाही. पाण्याचा थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसल्यावर खाली गडद ठिपका दिसला की दगड पुन्हा पाणी पीत आहे असे समजायचे आणि पुन्हा हात द्यायचा. आमच्याकडे ही वेळ साधारण दीड महिन्याने येते.

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर टवक्याच्या कडेने आता केसाएवढी काळी रेघ आहे, आणि तिच्या एका बाजूला नखाएवढी जागा, जिथे सोनेरी ठिपके नाहीत. संध्याकाळी दिवा लावण्याआधी, पश्चिमेचा उजेड आडवा येतो तेव्हा मला ती दिसते. घरातल्या बाकीच्यांना दाखवावी लागते. सासूबाईंनी मात्र नजरेने न शोधता बोटानेच शोधली. सांधा थंडगार दगडापेक्षा किंचित कोमट लागतो, असे त्या म्हणाल्या, आणि हात लावून पाहिल्यावर मलाही ते पटले. देवाची भांडी घासायला हल्ली आम्ही स्टीलची परात घेतो. चिंच तीच, फक्त तिचे पाणी आता परातीतून थेट मोरीत जाते.